विलंबित आतल्या कडेला

सीडी पेटीतून काढा, पण लगेच ट्रेमध्ये ठेवू नका. तर्जनी मधल्या छिद्रात, अंगठा कडेला, अशी हलक्या हाताने धरा. चकचकीत बाजू खिडकीकडे करून थोडी तिरकी करा. रंग सरकताना दिसतील. ते रंग म्हणजे तिथे दाटीने लिहिलेल्या मजकुराची खूण आहे. मजकुराच्या शेजारच्या दोन फेऱ्यांत फक्त १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक फेरे सहज मावतात. आणि हे सुटे फेरे नाहीत. मधून निघून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली ती एकच सलग वळत जाणारी रेघ आहे. भरगच्च सीडीवरची ही रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब होईल.

आज घाई आहे, हे मला ठाऊक आहे. कपाटात शंभर-दीडशे सीडी आहेत. भीमसेनजी, किशोरीताई, मन्सूर, कुमारजी, नाट्यसंगीत, भावगीतं, कुणाकुणाच्या लग्नात भेट आलेले संच. नव्या कॉम्प्युटरला आता सीडीचा ड्राइव्ह येतच नाही. जुना डेस्कटॉप चालू आहे तोवर सगळं त्यावर उतरवून घ्यायचं आहे, आणि एकेका सीडीला लागणारा वेळ पाहून जीव मेटाकुटीला येतो. ही घाई रास्त आहे. ती मनातून काढायची गरज नाही. तिला शेजारी बसवा. एवढंच पाहू या की हा वेळ नेमका जातो कुठे.

आधी एक छोटी गोष्ट करा. डोळे मिटा आणि एक सेकंदभर ‘सा’ लावा. आवाज चांगला हवा असं काही नाही. नुसता गुणगुणलात तरी चालेल. संपला? तेवढ्या वेळात सीडीने तो स्वर ४४,१०० वेळा मोजला असता, तोही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळा. हे आकडे ती सेकंदाला ७५ अशा तुकड्यांत बांधते. एका तुकड्यात ५८८ मापं, दोन्ही कानांची मिळून २,३५२ बाइट. ७४ मिनिटांच्या सीडीवर असे ३ लाख ३३ हजार तुकडे होतात, म्हणजे ७८ कोटींहून जास्त बाइट. आपण ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा यातला प्रत्येक तुकडा उचलून दुसरीकडे जसाच्या तसा ठेवायचा असतो. हा आकडा क्षणभर मनात राहू द्या. ड्राइव्हवर चिडण्याआधी त्याच्यापुढचं काम दिसलेलं बरं.

आता वेगाबद्दलची पहिली शंका. गाणं असं भरभर वाचून घेतलं तर ते बिघडणार नाही का? ही शंका खुळी नाही, तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. ७८ आरपीएमची तबकडी जोरात फिरवली की गायकाची पट्टी चढायची. कॅसेटची मोटर मंदावली की आवाज जड व्हायचा. तिथे फिरण्याचा वेग आणि गाण्याची लय एकच होती. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेला, तेव्हा तबकडीच्या वेष्टणावर ती किती वेगाने फिरवायची हेही आकृतीतून कोरून द्यावं लागलं: एका फेऱ्याला ३.६ सेकंद. तो वेग ठाऊक नसेल तर ऐकणाऱ्याला केसरबाई भेटणारच नाहीत.

सीडीचं तसं नाही. तिच्यावर आहेत ते आकडे. सेकंदाला ४४,१०० ही चाल आकडे परत स्वर होतात तेव्हा लागू होते, वाचताना नाही. तुकडे दसपट वेगाने उचला की चाळीसपट, विलंबित एकताल विलंबितच राहतो. तबल्याचा ठेका तसूभरही पुढे सरकत नाही. म्हणून वेग वाढवण्यात गाण्याचा काही अपमान आहे असं मनात असेल तर ते इथेच सोडून द्या. यंत्राने भराभर वाचावं. सावकाश ऐकायचं काम आपलं आहे, आणि त्याला कुठलाच ड्राइव्ह हात लावू शकत नाही.

सीडी आता ट्रेमध्ये ठेवा. ट्रे आत ढकलू नका, बटण दाबा. आणि ऐका.

सुरुवातीला थोडी खुडबुड होते. मग घरघर चढत जाते. कान देऊन ऐका, कारण सगळा हिशेब या आवाजात आहे. ड्राइव्हवर ४८ किंवा ५२ असा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे साध्या वाजवण्याच्या ४८ किंवा ५२ पट वेग. ५२ पटीच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. त्याहून जास्त फिरवणं त्या पातळ चकतीला झेपणारं नाही. फेरे ठरलेले राहतात. पण आतल्या फेऱ्याचा परीघ लहान आणि बाहेरच्याचा मोठा, त्यामुळे एका गिरकीत आत थोडा मजकूर हाती लागतो आणि बाहेर पुष्कळ. ४८ पटीचा ड्राइव्ह आतल्या कडेला जेमतेम वीसपट वेगाने वाचतो. ४८ हा आकडा येतो तो अगदी शेवटी, बाहेरच्या कडेला, सीडी काठोकाठ भरलेली असेल तरच. चाळीस मिनिटांच्या जुन्या एलपीवरून काढलेली सीडी असेल तर तो आकडा तिच्या वाट्याला कधीच येत नाही, कारण तिचा मजकूर तिथवर पोचतच नाही.

आणि ख्यालाच्या सीडीवर आत काय असतं? बडा ख्याल. पस्तीस-चाळीस मिनिटांचा विलंबित, आतल्या कडेपासून सुरू होणारा. मग छोटा ख्याल, द्रुत. मग ठुमरी किंवा अभंग, आणि बाहेरच्या कडेला भैरवी. म्हणजे ड्राइव्हसुद्धा विलंबितातून सुरू करतो आणि हळूहळू लय वाढवत नेतो. ऐकताना मात्र नेमकं उलट घडतं. साध्या प्लेअरमध्ये रेघ नेहमी एकाच वेगाने प्रकाशाखालून जावी लागते, म्हणून सीडी आत असताना मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते आणि कडेला येईतो दोनशेवर उतरते. गाणं द्रुतात शिरतं तशी तबकडी संथ होत जाते. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, आणि एकदा मनात बसली की पडद्यावरची रेंगाळणारी टक्केवारी बघवत नाही असं होत नाही. पहिला ट्रॅक हळू उतरतोय यात बिघाड काही नाही. तो आत आहे आणि मोठा आहे, इतकंच.

जे खरोखर वाया जातं ते वेगळं. त्यातली काही कारणं एका दुपारीत मिटवता येतात, तिथे रेंगाळायला नको. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हची धाव बहुधा २४ पटीपर्यंतच असते. डेस्कटॉपचा जाड ड्राइव्ह त्याच्या दुप्पट पळतो, म्हणून हे काम डेस्कटॉपवरच करा. खूप जुन्या विंडोजवर वाचताना वारंवार चुका झाल्या की ड्राइव्ह मुकाट्याने पीआयओ नावाच्या जुनाट, मंद पद्धतीवर जाऊन बसतो आणि पुढे चांगल्या सीडीलाही तसाच सरपटत वाचतो. सेटिंगमध्ये डीएमए ही वेगवान पद्धत परत चालू केली की सुटतो. फाइल्स आधी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवा, वायफायवरून दुसरीकडे नंतर हलवा. एमपी३ किंवा फ्लॅक बनवण्याचा वेळ एके काळी मोठा होता. आता प्रोसेसर ते काम ड्राइव्हच्या मागे मागे सहज उरकतो. आणि जागा असेल तर दुसरा ड्राइव्ह जोडा. एक वाचत असताना दुसऱ्यात सीडी भरली की निम्मा वेळ वाचतो, आणि त्यासाठी कुठल्याच सीडीला पळवावं लागत नाही.

आता परत सीडीकडे या. ओरखड्यांकडे.

दिव्याखाली धरा आणि मोजू नका, फक्त दिशा पाहा. मधल्या छिद्रापासून कडेकडे गेलेला चरा दिसायला भेसूर असतो, पण रेघ प्रत्येक फेऱ्यात त्याला क्षणभर आडवी जाते आणि पुढे निघून जाते. वाईट असतो तो गोलाकार चरा, रेघेच्या बरोबरीने चालणारा, कारण तो मजकुराचा लांबच लांब पट्टा एकदम झाकतो. सीडी मधून बाहेर अशी सरळ पुसायची, गोल गोल नाही, हे आपल्याला सांगितलेलं असतं ते याचसाठी. पुसताना चुकून चरा पडलाच तर तो आडवा पडावा. जुना मऊ सुती कपडा घ्या. एका जागी दाबू नका. मधून कडेकडे, मग पुढची जागा, पुन्हा मधून कडेकडे. अर्धा मिनिटही लागणार नाही, आणि संपूर्ण कामात वेळ वाचवणारी यापेक्षा मोठी युक्ती मला माहीत नाही. बोटाच्या तेलकट ठशापायी ड्राइव्ह दहा-दहा मिनिटं अडून बसू शकतो. वरची, नाव छापलेली बाजू मात्र जास्त जपा. चकाकणारा थर तिच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. खालच्या बाजूला निदान मिलीमीटरभर प्लॅस्टिक आहे.

ओरखड्याखालचं गाणं वाचतं कसं, हे थोडं थांबून समजून घ्यावं असं आहे. जुनी माणसं प्रवासाला निघताना सगळे पैसे एका जागी ठेवत नसत. थोडे पिशवीत, थोडे कनवटीला, थोडे सोबत्याकडे. सीडी आकड्यांचं तेच करते. एका क्षणाचा स्वर ती एका जागी लिहीतच नाही, तो विखरून लांबवर लिहिते आणि सोबत पडताळणीचे जादा आकडे ठेवते. ही पडताळणी रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर उभी आहे. त्यामुळे रेघेवरचा सुमारे अडीच मिलीमीटरचा तुकडा पार नाहीसा झाला तरी आजूबाजूच्या आकड्यांवरून तो जसाच्या तसा परत उभा राहतो. जवळपास नाही, जसाच्या तसा.

त्याहून मोठं नुकसान झालं तर प्लेअर अंदाज करतो. मागचा आकडा आणि पुढचा आकडा यांच्या मधलं काहीतरी भरून पुढे जातो. ऐकताना हे बहुतेक वेळा कळतही नाही, आणि ऐकण्यापुरतं त्यात काही वावगं नाही. कॉपी करताना मात्र तो अंदाज फाइलमध्ये कायमचा उतरतो. पुढे सीडी गेली, ड्राइव्ह गेले, की उरणारी फाइल तो अंदाज खऱ्या गाण्याच्या मानाने सांभाळत राहील. इथे मन थोडं स्थिर करा, कारण वेगाचा खरा निर्णय इथे आहे. माहितीच्या सीडीवर, म्हणजे फाइल्सच्या सीडीवर, दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. तिथे २,३५२ पैकी २,०४८ बाइटच माहितीला मिळतात, उरलेली जागा मुख्यतः चुका पकडायला जाते. संगीताच्या सीडीने ती सगळी जागा संगीताला दिली आहे. तिच्यावर पहारा कमी आहे. तो पहारा आपण द्यायचा.

एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्राम तो देतो. त्याच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली तर पुढे. नाही जुळली तर तो तिथेच थांबतो, सोळा वेळा वाचतो, आणि त्यातली आठ वाचनं सारखी आली तरच समाधान मानतो. लिनक्सवर सीडीपॅरानोया याच वृत्तीचा आहे. पडद्यावरची पट्टी एका जागी खिळते तेव्हा आत हे चाललेलं असतं. त्या थांबण्याला मी आळस म्हणणार नाही. अंदाज न स्वीकारण्याची ती चिकाटी आहे, आणि ती आपल्या गाण्याच्या बाजूने आहे.

मग काय, प्रत्येक सीडी अशीच दोनदोनदा वाचायची? नाही. इथेच घाईला तिचा वाटा मिळतो. आधी सीडी एकदाच, भरधाव वाचू द्या. मग पडताळा. जगभरातल्या लोकांनी हीच सीडी उतरवताना जो पडताळणीचा आकडा मिळवला तो अ‍ॅक्युरेटरिपच्या साठ्यात असतो. आपला आकडा त्याच्याशी जुळला की काम संपलं, दुसऱ्या वाचनाची गरज नाही. त्यासाठी सुरुवातीला एकदाच आपल्या ड्राइव्हची जात प्रोग्रामला ओळखू द्यावी लागते, कारण प्रत्येक जातीचा ड्राइव्ह काही मापं मागे-पुढे सुरुवात करतो. जुळलं नाही तरच, आणि त्या ट्रॅकपुरतंच, सुरक्षित पद्धतीकडे वळा. मराठी नाट्यसंगीताच्या एखाद्या दुर्मीळ सीडीचा आकडा त्या साठ्यात नसेल. मग तीच सीडी भरधाव दोनदा वाचा आणि दोन वेळचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. धडधाकट सीडी अशी चार-सहा मिनिटांत मार्गी लागते. सावकाशपणा लागतो तो मोजक्याच ट्रॅकना, आणि तो त्यांना मनापासून द्या.

चरे पडलेल्या सीडीला एक गोष्ट उलटी करा. वेग आठ पटीवर बांधून द्या. पूर्ण वेगात ती वाचायला गेलात तर ड्राइव्ह अडखळतो, फिरणं मंद करतो, पुन्हा उसळी घेतो, पुन्हा अडखळतो. घरघर चढते-उतरते ती त्यामुळे. आठ पटीत तीच सीडी बहुधा एका दमात आणि लवकर पार होते. आवाज ऐकूनच कळेल. सम सापडल्यासारखा तो एका पट्टीत स्थिर राहतो.

आता कपाटाकडे पाहा आणि क्रम ठरवा. इथे मी आग्रही आहे. दुकानातून आणलेल्या छापील सीडी आधी घेऊ नका. त्यांचा मजकूर प्लॅस्टिकमध्ये ठशाने उमटवलेला आहे, त्या थांबू शकतात. आधी काढा त्या मार्करने नाव लिहिलेल्या सीडी. घरच्या मैफिलीच्या, गणेशोत्सवातल्या गाण्याच्या, कुणीतरी स्पूलवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून सीडीवर उतरवून दिलेल्या. त्यांचा मजकूर रंगद्रव्याच्या थरात लेझरने भाजून लिहिलेला असतो. ते रंगद्रव्य उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वर्षांनी फिकं होतं. आणि त्यांची दुसरी प्रत जगात नाही. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये त्यांचा आकडा कधीच सापडणार नाही, कारण ते गाणं फक्त तुमच्या खोलीत आहे. घाई जिथे करायची ती इथे करा: आजच्या आज हात घाला, आणि सुरक्षित पद्धतीने, हळू वेगात वाचा.

ड्राइव्ह फिरतो आहे तोवर हात रिकामे आहेत. पेटीतला कागद काढा. तो लहान चौकोनी कागद, घड्या पडलेला, अक्षरं चष्म्यालाही बारीक. राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द. आणि अगदी खाली, सगळ्यात छोट्या अक्षरांत, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, तानपुऱ्यावर कोण. इंटरनेटवरून आपोआप भरली जाणारी नावं बहुधा मुख्य गायकापाशी संपतात, आणि स्पेलिंगही दर सीडीला वेगळं. आप्पा जळगावकरांची पेटी ऐकू येत राहील पण नाव कुठेच दिसणार नाही, असं आपल्या हातून व्हायला नको. साथीदारांची नावं फाइलच्या टिपेत लिहा, देवनागरीतच लिहा. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. ‘गीतरामायणा’सारखा संच असेल तर सीडीचा क्रमांक आणि ट्रॅकचा क्रमांक दोन्ही भरा, कारण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीतं आठवड्याला एक अशी क्रमाने आली, आणि अंदाजपंचे क्रम लागला तर सीतेच्या स्वयंवराआधी लंका जळेल. हे लिहिण्याचं काम सीडी फिरत असताना झालं तर एक क्षणही जास्तीचा लागत नाही. सगळ्या सीडी संपल्यावर करू म्हटलं तर ते राहूनच जातं.

एक ट्रॅक न जुळणारा निघेल, निघतोच. चौदाव्या मिनिटापाशी कुठेतरी, गायक वरच्या षड्जावर असताना, पट्टी थांबेल आणि सोळा-सोळा वाचनांनंतरही आकडे सारखे येणार नाहीत. पुसून पाहा. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एकाला न दिसणारं दुसऱ्याला पुष्कळदा दिसतं. मग सोडून द्या. मिळाली तशी फाइल ठेवा आणि टिपेत लिहा: ट्रॅक २, १४ मिनिटांच्या सुमारास, एक जागा वाचता आली नाही. लिहिलेली उणीव पुढे कुणी भरून काढू शकतं. आणि छापील सीडी असेल तर आज संध्याकाळी गाणं ऐकणाऱ्या दोन-चार घरी फोन करा. मामाकडे, शेजारच्या काकूंकडे, अमेरिकेतल्या चुलतभावाकडे तीच सीडी असण्याचा चांगलाच संभव आहे. तिच्यावरही चरे असतील, पण ते दुसऱ्या जागी असतील. तेवढा एक ट्रॅक मागवून घ्या, आणि टिपेतल्या त्या ओळीखाली तो कुणाकडून आला ते नाव लिहा.